सूर धरणारा कुंडलिक

भोरच्या वाजंत्र्यांत सोनबा सनई वाजवायचा आणि धाकटा भाऊ कुंडलिक मागं बसून दुसऱ्या सनईवर एकच सूर धरायचा. लोकांचं लक्ष सोनबाच्या बोटांकडं. पण सूर धरणाऱ्याला श्वासापुरतंही थांबता येत नाही. गालांत साठवलेला वारा सनईत सोडता सोडता नाकानं नवा ओढायचा. अक्षता पडताना सूर तुटला तर वऱ्हाड अपशकुन मानायचं.

चौतीस सालच्या थंडीत कुंडलिकचं नाक गच्च झालं. वेखंड झालं, वाफारे झाले. सोनबानं सांगून टाकलं, "चैतापातुर बरा हो, न्हाईतर म्या दुसरा बघतो."

कुंडलिक सर्विस मोटारीनं पुण्याला गेला. डॉक्टर म्हणाले, "आतलं मांस वाढलंय. थोडं कापू, बाकीचं राहू दे. आत जाणारा वारा त्यानंच ओला होतो, त्यानंच जाणवतो."

"थोडं कशाला, सायेब? समदंच काढा. सनईचं भोक कोरून मोठं केलं की वारा मोकळा व्हतो. लगीनसराई तोंडावर आलीया."

सनई कोरण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. डॉक्टरांनी एकदा समजावलं, दोनदा समजावलं. मग त्यांनीही, परत वाढायची कटकट नको म्हणून, ते मुळापासून काढलं.

"आता नाकातनं बैलगाडी जाईल!" सोनबा हसला. पण आत खपल्या धरू लागल्या. बायको रतनबाई तुपाचे थेंब सोडायची.

"अगं, वारा येतोय-जातोय का?"

तिनं नाकाखाली तळवा धरला. "येतोय-जातोय की. हाताला लागतोय."

"तुझ्या हाताला लागतोय. मला न्हाई लागत."

उत्रोलीच्या लग्नात अंतरपाट दूर झाला. कुंडलिकनं श्वास ओढला. आला का कळेना, म्हणून पुन्हा ओढला, पुन्हा ओढला. छाती भरून फुटायला आली, तरी जीव गुदमरलेलाच. भर अक्षतांत सूर तुटला.

"मेल्या, माज्याच पोरीच्या येळेला दम संपला व्हय तुजा?" नवरीची आई कडाडली.

सोनबानं दुसरा माणूस बघितला नाही, सूरपेटी आणली. "भाता हलवायला नाक लागत न्हाई. हितं बस."

पालीच्या लग्नात सूर शेवटपर्यंत तुटला नाही. यजमानांनी मानाचे नारळ वाटले. सोनबाला दिला, संबळवाल्या ज्ञानूला दिला.

"आन् ह्यो मागचा?" कुणीतरी विचारलं.

"त्येला कशाला?" यजमान म्हणाले. "पेटीच वाजती की!"

सोनबा आपला नारळ धोतराच्या सोग्यात बांधत राहिला. कुंडलिकनं भाता मिटला, कडी लावली आणि पेटी उचलून डोक्यावर घेतली.