फोटोभाऊंनी सजवलेलं रान

फोटोभाऊ झाडाचा फोटो काढण्याआधी झाडाला बजावत, "हलू नको गो बाय, झालंच!" ड्रोन आभाळात, झाड जागेवर, तरी बजावत. पेणच्या या माणसाची उभी हयात लग्नाचे फोटो काढण्यात गेली होती. ड्रोनही त्यांनी वरातींसाठीच घेतला होता.

मी रोह्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. जवळच्या निडी गावामागच्या रानातले जुने रायवळ आंबे कीड लागून शेंड्यांकडून वाळत चालले होते. खालून धड काही दिसेना. वनखात्यातले साहेब म्हणाले, वरून काढलेले फोटो दाखवा, मग माणसं पाठवतो. म्हणून मी भाऊंना गाठलं.

रानात ते कडक इस्त्रीचा सफारी घालून आले. आधी सगळ्या रानाचा ग्रुप फोटो, मग थोरल्या आंब्याचा एकट्याचा. "वडीलधाऱ्यांना ताटकळत ठेवायचं नाय, मॅडम." वारा सुटला की मध्येच उठणाऱ्या पाहुण्यांवर ओरडावं तसे ते फांद्यांवर ओरडत.

आठवड्याने अल्बम आला, मखमली कव्हरचा. उघडला आणि मी कपाळाला हात लावला. एकही वाळका शेंडा नाही! सगळं रान बोहल्यावर चढायला निघाल्यासारखं टवटवीत.

"भाऊ, वाळलेलं कुठे गेलं?"

"हिरवं केलं ना! किती खपलो त्याच्यासाठी."

"अहो, तेच तर साहेबांना दाखवायचं होतं! मूळचे फोटो?"

"पुसले. वाईट फोटो आपण ठेवतच नाय." मग पडेल आवाजात म्हणाले, "आजाऱ्याचा फोटो आजारीच काढायचा? मला नाय जमलं कधी."

राग तर भयंकर आला होता. पण माझ्याच लग्नाच्या अल्बममधून माझ्या गालावरचा डाग भाऊंनीच पुसला होता आणि मी खूश झाले होते.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून रानात गेले. या वेळी एकाही झाडाशी बोलले नाहीत. वाळका शेंडा न् शेंडा टिपून आणला. साहेबांची माणसं आली, औषधपाणी झालं. थोरला आंबा गेला, बाकीचे वाचले.

गेल्या वर्षी भाऊ वारले. मी पेणला भेटायला गेले. भिंतीवर हार घातलेला त्यांचा फोटो होता. विस्कटलेले पांढरे केस, बसलेले गाल, नाकाशेजारचा मस, सगळं जिथल्या तिथे.

वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "सांगून ठेवलेलं यांनी. माझ्या फोटोला हात लावायचा नाय. मॅडम येतील, त्यांना खरा लागतो."