शकूच्या मक्यात

अक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा मी बाजारहत्नूरच्या माझ्या बी-बियाण्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकापुढे मक्याच्या अळीबद्दल अक्कल पाजळत होतो. ती अक्कल अक्काचीच. महिना होऊन गेला, तरी तो क्षण आठवला की मला माझीच किळस येते.

शकू अक्का माझी थोरली बहीण. चार वर्ग शिकलेली, मका आणि भाजी पिकवणारी. काही वर्षांपूर्वी तिनं मक्याच्या पोंग्यातली, शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतली अळी आणून माझ्या काउंटरवर ठेवली. ओल्या भुशासारख्या विष्ठेनं माखलेली... मी नाक मुरडलं. आम्हा कापूसवाल्यांना प्रत्येक अळी बोंडअळीच दिसते. कपाशीचंच औषध दिलं. अळी पोंग्यात खोल बसलेली, आम्ही वरून पानं धूत बसलो.

मग अक्कानं लोणच्याच्या बरणीत माती घालून तीन अळ्या पोसल्या. एकीनं उरलेल्या दोघींना खाल्लं. तिचा कोष झाला, पाखरू निघालं. नातीच्या मोबाइलवरच्या चित्राशी अक्कानं खुणा ताडून पाहिल्या. अळीच्या कपाळावर उलटी बेचकी, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, नर पाखराच्या पंखाच्या टोकाशी पांढरा डाग. त्याचा मूळ मुलूख अमेरिका, असं तिथं लिहिलं होतं.

“अमेरिकेचं पाखरू आपल्या गावात कायले येईन, अक्का?” मी हसलो.

“तुया दुकानात औषध बाहेरून येते, मंग पाखरू काऊन नाही येनार?”

तिनं बरणीवर चिठ्ठी चिकटवली : ‘अमेरिकेचं पाखरू. इथं हाय. शकूच्या मक्यात.’ आणि शेतकी खात्याच्या साहेबांना दाखव म्हणून बरणी माझ्याकडे दिली. मी दाखवली. त्याआधी चिठ्ठीची शेवटची ओळ तेवढी फाडली. या भागात ही अळी पहिल्यांदा ओळखली म्हणून गावानं माझा सत्कार केला. अक्का पुढं बसून टाळ्या वाजवत होती. जाताना एवढंच म्हणाली, “चांगलं झालं. आता लोक पोंग्यात पाहतीन.”

तिच्या तेरवीला, तिच्याच फोटोसमोर, एका पुढाऱ्यानं पुन्हा माझी तारीफ केली. आणि मी निर्लज्जासारखे हात जोडले.

बरणी दुकानात आहे. पाखराचे पंख झडून तळाशी भुकटी झालीय. परवा फाटक्या चिठ्ठीखाली मी ‘शकूच्या मक्यात’ असं लिहून चिकटवलं. अक्षर माझं, ते लपत नाही. शकू कोण, असं गिऱ्हाईक विचारतं. मग सांगतो... मी काय केलं, तेही सांगतो. काल एक बाई ते ऐकून माझ्याकडे पाहत राहिल्या आणि औषध न घेताच पायऱ्या उतरल्या. मी त्यांना थांबवलं नाही.