सगळ्यांवर सारखी इस्त्री

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली इस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांब टेबल, त्यावर जुन्या ब्लँकेटची घडी, वरून लोंबणारा दिवा आणि मागे पडदा. पडद्यापलीकडे एकच खोली, आणि त्या खोलीत इस्त्रीवाल्यांचं चौघांचं बिऱ्हाड. इस्त्रीवाल्यांना गल्लीत सगळे घडीमास्तर म्हणत, कारण त्यांनी घातलेली घडी मोडणं जिवावर यायचं. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर खिशात दोन रुमाल बाळगत. घडीमास्तरांनी इस्त्री केलेला दाखवायला आणि एक चुरगळलेला नाक पुसायला.

घडीमास्तरांना दोन मुलं. मी ज्या शाळेत शिकवायचे तिथेच थोरली माझ्या वर्गात होती आणि धाकटा नुकताच यायला लागला होता. या दोघांना पाढे, शुद्धलेखन वगैरे आम्ही शाळेत शिकवू, याबद्दल घडीमास्तरांची काही तक्रार नव्हती. पण एक विषय त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. देव जसं माणसांवर प्रेम करतो तसं आपणही करायचं, आणि जे मिळालं त्याचे आभार मानायचे. हा वर्ग रोज संध्याकाळी टेबलाजवळ भरायचा. मास्तरांचा हात इस्त्रीवर असायचा आणि मुलं खाली कपड्यांच्या गाठोड्यांवर बसायची.

आभारांचा धडा मुलांनी फारच मनावर घेतला. धाकटा आंघोळीला बसला की तांब्याचे आभार मानायचा, बादलीचे मानायचा, नळाचे मानायचा. शेवटी आई ओरडायची, “साबणाचे आभार मानून झाले असतील, तर तो अंगालाही लाव!”

थोरलीची तऱ्हा वेगळी. मी तिच्या वहीत गणित चुकल्याची खूण केली, तर उभी राहून म्हणाली, “बाई, चूक दाखवल्याबद्दल आभारी आहे.” आठवडाभरात हे लोण वर्गभर पसरलं. गृहपाठ दिला की सगळा वर्ग एका सुरात आभार मानायचा. मुख्याध्यापक एकदा दाराशी थबकले आणि नंतर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “बाई, पोरं तुमची थट्टा तर करत नाहीत ना?”

दुकानात तर गिऱ्हाइकांसमोरच सगळं चालायचं. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्यांचं पोट चांगलं ऐसपैस होतं. ते स्वतः कपडे न्यायला आले, तेव्हा थोरलीनं त्यांची पँट दोन्ही हातांवर घेतली आणि मनापासून तिला म्हणाली, “रोज एवढं सगळं सांभाळतेस, तुझे खूप आभार.”

मिठाईवाल्यांनी पँटीकडे पाहिलं, मग पोटाकडे पाहिलं, आणि घडीमास्तरांना विचारलं, “हे तुम्ही शिकवता?”

“शिकवतो ते चांगलंच शिकवतो हो,” घडीमास्तर कपाळ पुसत म्हणाले. “बाहेर पडताना त्याचं काय होतं, कळत नाही.”

प्रेमाच्या धड्यात दोन मुख्य गोष्टी होत्या. एक, देव कुणी सांगायची वाट बघत नाही, न सांगता मदत करतो. दोन, देव आवडतं-नावडतं करत नाही. “हे बघा,” मास्तर टेबलावर थाप मारून सांगत, “वकिलांचा कोट असो, नाहीतर रखवालदाराचं बनियन असो. टेबलावर आलं की सगळे सारखे. देवाचं तसंच.”

धाकट्यानं लगेच मुंग्यांना साखर घातली. मग झुरळावर अन्याय नको म्हणून त्यालाही घातली. त्याच्या आईनं चप्पल उचलली, तर तो झुरळापुढे हात पसरून उभा राहिला. “अहो, ऐकलंत का,” ती पडद्यातून डोकं बाहेर काढून म्हणाली, “तुमच्या देवाला सांगा, झुरळं सोडून बाकी सगळ्यांवर प्रेम करायला आमची हरकत नाही.”

अशातच पलीकडच्या रस्त्यावर एक मोठं हॉटेल उघडलं. तिथल्या कपडेखात्याच्या मॅडमना जवळपासचा चांगला इस्त्रीवाला हवा होता. त्यांनी घडीमास्तरांना बोलावून एक गाठोडं दिलं. दरवानाचा कोट, स्वागतकक्षातल्या मुलीच्या गळ्यातला निळा स्कार्फ, एक चादर, दोन उशांचे अभ्रे आणि एक टेबलावर घालायचं कापड. “उद्या सकाळी आणा,” मॅडम म्हणाल्या. “काम पसंत पडलं तर हॉटेलचं सगळं तुमच्याकडे.”

हे काम म्हणजे घडीमास्तरांचा जीव की प्राण होऊन बसलं. जिन्याचा उतार टेबलावर इतका खाली आला होता, की वर्षानुवर्षं मान तिरकी ठेवून इस्त्री केल्यामुळे त्यांची मान तशीच राहायला लागली होती. सरळ रस्त्यावरूनही ते कुणीतरी कानात काही सांगत असल्यासारखे चालत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जागा बदला, नाहीतर मान जन्माची अशीच राहील. गल्लीच्या तोंडाशी उंच छताचा एक गाळा रिकामा होता. हॉटेलचं काम मिळालं तरच तो परवडणार होता. त्या संध्याकाळी मास्तरांनी ते गाठोडं टेबलावर नीट ठेवलं, “याला कुणी हात लावायचा नाही. मी येऊन सावकाश करतो,” असं बजावलं आणि ते कपडे पोचवायला गेले. बायको दळण आणायला गेली होती.

थोरलीनं गाठोड्याकडे बघितलं. बाबा दमून येणार. देव न सांगता मदत करतो. शिवाय “हात लावू नका” हे तर सांगणं झालं, आणि न सांगता करायचं म्हणजे सांगण्याकडे लक्ष द्यायचंच नाही, असा तिनं हिशेब मांडला. रुमाल आणि अभ्रे ती बाबांसमोर नेहमी करायची, त्यामुळे इस्त्री कशी धरायची हे तिला येत होतं. तिनं चादर केली, अभ्रे केले, टेबलाचं कापड केलं. सगळं सुती होतं, म्हणून इस्त्रीची उष्णता कमी-जास्त करायची चकती अगदी शेवटच्या आकड्यावर होती. मग आला स्कार्फ.

“ताई, बाबा याच्यासाठी चकती फिरवतात,” धाकटा म्हणाला.

“का?” थोरली म्हणाली. “चादरीला एवढी ऊब आणि स्कार्फला कमी? देव असं करतो का?”

धाकट्याला पटलं. त्यानं कोटाच्या खांद्यावरचे सोनेरी गोंडे नीट पसरून दिले, त्यांनाही ऊब मिळावी म्हणून.

घडीमास्तर परत आले तेव्हा दुकानात जळक्या प्लास्टिकचा वास सुटला होता. टेबलावर चादर, अभ्रे आणि टेबलाचं कापड अशा कडक घड्या घालून ठेवले होते, की मास्तरांना क्षणभर आपलंच काम वाटलं. शेजारी निळा स्कार्फ होता. तो आकसून रुमालाएवढा झाला होता आणि उभा ठेवला तर उभा राहत होता. कोटाच्या उजव्या गोंड्याची पाळी अजून यायची होती, म्हणून तो सुरेख होता. डावा वितळून घट्ट झाला होता आणि बकरीच्या खुरासारखा दिसत होता.

“बाबा, आम्ही न सांगता केलं!” धाकटा म्हणाला.

“आणि सगळ्यांवर सारखी,” थोरली म्हणाली. पण बाबांचा चेहरा बघून तिचा आवाज शेवटी बारीक झाला.

तेवढ्यात घडीमास्तरांची बायको दळणाचा डबा घेऊन दारात आली. पुढचं मला तिनंच सांगितलं. मास्तरांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. त्यांनी तोंड उघडलं. दोन्ही मुलं त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, कारण देव आपल्या लेकरांवरचं प्रेम कधी काढून घेत नाही, असं त्याच तोंडानं त्यांना सांगितलं होतं. मास्तरांनी तोंड मिटलं. ते पडद्याआड गेले, भिंतीला लावलेली गादी खाली ओढली, तिच्यात तोंड खुपसलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडले. गादीमुळे बाहेर फक्त लांबून बैल हंबरल्यासारखा आवाज आला. मग ते बाहेर आले. मिशीत कापूस अडकला होता.

“हं,” ते म्हणाले. “भाजलं तर नाही ना कुठे?”

थोरलीनं दोन्ही हात पालथे-उताणे करून दाखवले.

धाकट्यानं विचारलं, “बाबा, देव पण गादीत तोंड घालून ओरडतो?”

घडीमास्तरांनी विचार केला. “ओरडत असेल,” ते म्हणाले. “आभाळ गडगडतं तेव्हा दुसरं काय असतं?”

मग त्यांनी थोरलीला जवळ घेऊन इस्त्रीची चकती दाखवली. “हे बघ, बाळ. प्रेम सारखंच करायचं. पण ऊब ज्याला जेवढी सोसते तेवढीच द्यायची. चादरीला जेवढी दिली तेवढी स्कार्फला दिली, तर स्कार्फचं काय होतं?”

“असं होतं,” थोरली स्कार्फ उभा करून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “मग बाबा, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?”

“मलाच आत्ता कळलं,” घडीमास्तर म्हणाले.

बायकोनं दळणाचा डबा खाली ठेवला. तिला त्या गाळ्याचं उंच छत डोळ्यांसमोरून जाताना दिसत होतं. “अहो, मॅडमना सांगा, मांजरानं घोटाळा केला.”

“मांजराच्या हातात इस्त्री कुठून आली?”

“मग सांगा दिवे गेले.”

“अगं, दिवे गेल्यावर इस्त्री गार होते!”

“मग तुम्हीच काय ते सांगा! मान तुमची आहे!”

घडीमास्तरांनी मुलांकडे बघितलं. “जे झालं तेच सांगणार,” ते म्हणाले. त्यांचा आवाज काही फार धीराचा नव्हता, असं बायको सांगते.

सकाळी ते मुलांना घेऊनच हॉटेलात गेले. मॅडमनी स्कार्फ बोटांच्या चिमटीत धरला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, तर तो पुन्हा उभा राहिला. “हे काय आहे?”

“स्कार्फ होता,” घडीमास्तर म्हणाले. “माझ्या दुकानात जळला. कोटही. भरपाई मी देतो.”

कोटाचा मालक, म्हणजे हॉटेलचा धिप्पाड दरवान, बाजूलाच उभा होता. त्यानं खुरासारखा गोंडा हातात घेऊन पाहिला. “बरं झालं एक तरी गेला,” तो पुटपुटला. “गाडीचं दार उघडायला वाकलं की नाकात जातो मेला.”

“तुम्ही गप्प बसा,” मॅडम म्हणाल्या. दरवान गप्प बसला. धाकट्यानं त्याची पँट ओढली आणि विचारलं, “दुसरापण जाळू?”

मॅडमनी मग चादर उलगडली. तिच्यावर हात फिरवला. अभ्रे उलटसुलट करून पाहिले. टेबलाचं कापड उजेडात धरलं. “आणि हे कुणी केलं?”

“मीच,” थोरली म्हणाली. “ते पण मीच केलं आणि हे पण मीच केलं. सगळ्यांना सारखीच ऊब दिली. देव देतो तशी. पण सगळ्यांना सोसत नाही, हे आम्हाला कालच कळलं.” मग तिला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं असावं. “जाळायला कोट दिल्याबद्दल आभारी आहोत,” ती म्हणाली.

घडीमास्तरांनी डोळे मिटून घेतले. दरवानानं भिंतीकडे तोंड केलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मॅडमचे ओठ थरथरले, पण त्या पदावर असल्यामुळे त्यांनी ते आवरले.

“कोट, स्कार्फ, गणवेश यातलं एकही तुम्हाला देणार नाही,” त्या म्हणाल्या. “आणि या दोन्हींची भरपाई पहिल्या बिलातून कापणार.”

“पहिल्या बिलातून?” घडीमास्तरांनी डोळे उघडले.

“चादरी, अभ्रे, टेबलाची कापडं. सगळं सुती. रोजचं. जमेल?” मग थोरलीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “एकच अट. हिनं इस्त्रीला हात लावायचा नाही.”

 घडीमास्तर मान हलवायला गेले, तर ती तिरकी असल्यामुळे हो म्हणतात की नाही, हे मॅडमना कळेना. शेवटी धाकट्यानं सांगितलं, “बाबांचं हो आहे. त्यांचं हो असंच असतं.”

गाळा त्यांनी घेतला. पहिल्या दिवशी हॉटेलच्या हातगाडीतून चादरींचे गठ्ठे आले आणि भिंतीला लावता लावता दाराच्या उंचीएवढे झाले. घडीमास्तरांची बायको कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “देवानं ऐकलं खरं,” ती म्हणाली, “पण जरा जास्तच ऐकलं.” मग पदर खोचून पाणी शिंपडायला बसली. घडीमास्तरांनी इस्त्री घेतली. थोरलीनं इस्त्रीपासून चार हात लांब उभं राहून चादरींची टोकं जुळवायला सुरुवात केली, आणि अट मोडू नये म्हणून मधूनमधून हात पाठीमागे बांधून दाखवत राहिली. धाकट्याला काय काम द्यावं, हे कुणाला सुचेना. शेवटी आईनं त्याला उचललं आणि झालेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसवलं, घड्या दबून नीट बसाव्यात म्हणून. दुपारी मी डोकावले, तेव्हा तो तिथेच होता. हाताची घडी घालून, गाल फुगवून, होतं नव्हतं तेवढं वजन देत बसला होता.