हिरवा दिवा लावायचं काम

“काय दिसतंय तेवढं सांग. काय असेल ते सांगू नको.” हे ताईंचं नेहमीचं वाक्य. म्हणताना त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या, जणू दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला चष्मा लागत नाही.

लखनौला अमौसीच्या विमानतळावर धावपट्टीचे दिवे सांभाळणाऱ्या विभागात त्या अधिकारी होत्या, मी हिशेब विभागात. दोघी मराठी, दोघी विकास नगरला राहणाऱ्या, त्यामुळे येणं-जाणं त्यांच्या गाडीतून. ताई मूळच्या नागपूरच्या. समुद्र त्यांनी तिशीनंतर, गोव्याला बदली झाली तेव्हा पाहिला आणि तिथेच शिडाची होडी चालवायला शिकल्या. पुढे बदली होऊन लखनौला आल्या, पण इथे त्या असायच्या आणि नसायच्याही. गोमतीचा पूल आला की बोलता बोलता थांबायच्या. “वारा कुठून येतोय, सांग बरं,” म्हणायच्या. गाडीच्या काचा बंद असायच्या.

मालवणला त्यांनी एक जुनी, लहानशी होडी घेऊन ठेवली होती. निवृत्तीनंतर त्या आणि भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, तिथेच राहायला जाणार होते. भाऊजी बँकेतून आधीच निवृत्त झाले होते आणि या वयात पोहायला शिकले होते. सुकाणू त्यांनी धरायचं, शीड ताईंनी सांभाळायचं, असं ठरलेलं. राहिले होते फक्त दिवे. अंधार पडला की होडीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा दिवा लावावा लागतो. होडी येते आहे की चालली आहे, हे समोरच्याला त्यावरून कळतं. “विमानाच्या पंखांनाही हेच रंग,” ताई सांगायच्या. “आकाशानं ते समुद्राकडून घेतले.”

त्या हिवाळ्यात त्यांनी तीन तऱ्हांचे एलईडी दिवे मागवले. फोटोत सगळेच चांगले दिसतात, म्हणून परीक्षा घ्यायची कॉलनीच्या मैदानात, दिवस मावळल्यावर. लखनौचं धुकं तुम्ही पाहिलं असेल तर सांगायला नको. मैदानाचं पलीकडचं टोक त्यात विरघळून जातं. ताई त्या टोकाला स्टुलावर दिवा ठेवायच्या, आणि भाऊजी आणि मी या टोकाला, फोन चालू ठेवून. पहिल्या दिवशी वॉचमननं विचारलं, “मैडम, किसी की शादी है क्या?”

“अभी तारीख नहीं निकली, भैया,” ताई म्हणाल्या.

पहिला दिवा स्वस्तातला होता. एका बाजूनं एकच रंग दिसायला हवा, पण कितीही बाजूला सरकलं तरी त्याचे लाल आणि हिरवा दोन्ही रंग दिसतच राहायचे. तो बाद झाला. दुसऱ्यावर ताईंचा जीव जडला. डोलकाठीच्या टोकावर बसवायचा एकच दिवा, तिन्ही रंग त्याच्यातच. त्या संध्याकाळी ताईंनी त्याची हिरवी बाजू आमच्याकडे वळवली. धुक्यात तो रंग तरंगत असल्यासारखा वाटत होता.

“काय दिसतंय?” फोनवर ताईंचा आवाज आला.

“हिरवा,” मी म्हणाले.

“पांढरा,” भाऊजी म्हणाले.

मला वाटलं, ते चेष्टा करताहेत.

“अहो, नीट बघा,” फोनवरून ताई म्हणाल्या.

“बघतोय. पांढराच आहे.”

मग पलीकडचा दिवा विझला.

घरी चहा घेताना भाऊजी हसत म्हणाले, “सिग्नलचा हिरवाही मला पांढुरकाच दिसतो. खालचा लागला की निघायचं, एवढंच. मला वाटायचं, सगळ्यांना तसाच दिसतो.” मग त्यांचं हसू ओसरलं. “पण समुद्रावर हे चालायचं नाही. समोरच्या होडीचा हिरवा मला पांढरा दिसला, तर ती दूर चालली आहे असं मी समजेन. तू जा. मी किनाऱ्यावर थांबतो.”

ताईंनी कप खाली ठेवला. पुढे कितीतरी दिवस पूल यायचा आणि जायचा, पण ताई वाऱ्याचं नाव काढत नसत.

एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. डोलकाठीचा तो देखणा दिवा त्यांनी परत पाठवला होता. टेबलावर तिसरी तऱ्हा होती. मुठीएवढे सुटे दिवे, प्रत्येकाची बॅटरी वेगळी, रोज लावायचे आणि काढायचे. त्यातल्या एकाच्या पाठीवर ताईंनी एम-सीलचा खडबडीत ठिपका बसवला होता.

“अहो, डोळे मिटा,” म्हणत त्यांनी तो भाऊजींच्या हातात दिला. “हा कोणता?”

भाऊजींनी अंगठा फिरवला. “ठिपका आहे.”

“मग तो हिरवा. उजवीकडे लावायचा. रोज दिवे लावायचं काम तुमचं. समोर बघायचं काम माझं.”

“आणि तू दमलीस तर?”

“तर त्या दिवशी आपण निघायचंच नाही.”

भाऊजींनी डोळे उघडले, पण दिवा हातातून सोडला नाही. जेवतानाही तो त्यांच्या ताटाशेजारी होता.

निवृत्तीनंतर, बुद्धपौर्णिमेची खीर सगळ्या मजल्यांवर वाटून दोघं मालवणला गेले. मी आता मेट्रोनं ऑफिसला जाते.

मध्यंतरी दुपारी कँटीनमध्ये असताना भाऊजींचा व्हिडिओ कॉल आला. एक हात सुकाणूवर, दुसऱ्यात फोन, त्यामुळे सगळं डुलत होतं. त्यांनी कॅमेरा पुढे वळवला. ताई होडीच्या नाकाशी बसल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. केस मोकळे, चप्पल काढलेली. पुढे नुसतं पाणी.

“हाक मारू का?” भाऊजींनी हळूच विचारलं.

“नको,” मी म्हणाले.

आम्ही दोघंही ताईंकडे बघत राहिलो, रेंज जाईपर्यंत.