विरजणाची वाटी

आज फ्रीजमधलं दही उघडलं आणि त्याच्या आंबूस वासासरशी मी उंद्रीच्या आमच्या ओसरीवर जाऊन बसले.

तेव्हा मी बारा वर्षांची होते. रहस्यकथा वाचून वाचून कुणाच्याही मनातलं आपल्याला ओळखता येतं, अशी माझी खात्री झालेली. शेजारी शांताकाकू एकट्याच राहायच्या. दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत, म्हणून त्या रोज उन्हं कलतानाच वाटी घेऊन यायच्या. तासभर आईशी बोलत बसायच्या आणि कितीदा तरी विरजणाची वाटी आमच्याकडंच विसरून जायच्या. मी ताडलं, ही बाई आमच्या घरातलं ऐकून गावभर सांगते.

एकदा विसरलेली वाटी द्यायला गेले, तर त्यांच्या फळीवर दह्यानं भरलेलं गाडगं. पुरावाच सापडला! मी धावत घरी आले.

"माय, त्यायच्या घरी दही हाय! मंग काऊन येतात वं त्या?"

आई भाकर थापत होती. "माहीत हाय मले," ती म्हणाली. "तू त्यायले काई विचारू नको."

मला वाटलं, आई भोळी आहे.

आता चिखलीतल्या फ्लॅटमध्ये मी एकटीच असते. फ्रीज बंद केला, रिकामी वाटी घेतली आणि समोरची बेल वाजवली. शेजाऱ्यांच्या मुलीनं दार उघडलं. तिचं बोट पुस्तकात अडकवलेलं होतं.

"काकू, विरजण कालच नेलं होतं ना तुम्ही?"

तिनं वाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी नजर वळवली नाही. हिनं तरी बरोबर ओळखावं, असं वाटलं.