एक बाम आणि ‘ती’ गोळी

औषधं एक्स्पायर होतात, किस्से होत नाहीत. ठाण्याला कोपरीत स्टेशनपासून पाच मिनिटांवर आमचं मेडिकल आहे आणि बावीस वर्षं मी त्याच्या काउंटरमागे उभी आहे. खोकल्याचे, मूळव्याधीचे, शुगरचे किस्से मी घरी हसत हसत सांगते. पण ‘त्या’ गोळीचे किस्से सांगायला लागले की हसता हसता माझं डोकं फिरतं!

‘ती’ गोळी म्हणजे पुरुषांची. गिऱ्हाईक नाव घ्यायला लाजतं, म्हणून आमच्याकडे तिचं नावच ‘ती’ पडलंय. अहो, औषध आहे ते! त्रास असतो म्हणून डॉक्टर लिहून देतात, आणि नीट घेतलं तर बऱ्याच जणांना गुणही येतो. बीपीच्या गोळीला लाजतं का कोणी?

मी प्रत्येकाला चिठ्ठी मागते आणि एक प्रश्न विचारते. ‘‘छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी चालू आहे का?’’ कारण ती आणि ही शरीरात एकत्र आल्या की बीपी धाडकन खाली येतं. माणूस जाऊ शकतो. एवढाच प्रश्न. पण सरळ उत्तर देतील तर शप्पथ!

*

पहिला किस्सा बामचा. ज्याला ‘ती’ हवी असते, तो आधी बाम घेतो. का, ते विचारू नका. बाम घ्यायचा, मग टूथब्रश बघायचा, मग वजनकाट्यावर उभं राहायचं. दुकान रिकामं होण्याची वाट बघायची.

असाच एक जण अर्धा तास रेंगाळला. शेवटी मीच म्हटलं, ‘‘बोला, काय देऊ?’’

तो म्हणाला, ‘‘साहेब नाहीत का?’’

साहेब म्हणजे सुनील, माझा नवरा. तो बी.कॉम. आहे. भिंतीवरचं सर्टिफिकेट माझं, फोटो माझा, लायसन्स माझ्या नावावर. सुनीलला अजून बी-कॉम्प्लेक्स आणि कॅल्शियम यांतला फरक विचारला तर तो रंग बघून सांगतो. पण तो पुरुष आहे ना, मग झालं!

सुनील आतून आला. त्या गृहस्थाने काउंटरवर वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. सुनीलने समजूतदारपणे मान हलवली, वळला आणि गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, ‘‘मने, ती जोर यायची गोळी कुठल्या खणात ठेवलीयेस गं?’’

माणूस पळाला. त्याचा बाम अजून आमच्याकडे आहे.

*

दुसरा किस्सा चिठ्ठीचा. एक साहेब आले, कडक इस्त्रीचा शर्ट, कानाला ब्लूटूथ. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. व्हॉट्सॲपवर कोणीतरी गोळीचं नाव टाइप केलेलं होतं, आणि पुढे अंगठा.

मी विचारलं, ‘‘ही डॉक्टरांची चिठ्ठी?’’

‘‘मित्राने दिलंय. त्याला एकदम बेस्ट रिझल्ट आला.’’

‘‘मित्र डॉक्टर आहेत का?’’

‘‘नाही, रिअल इस्टेटमध्ये आहे.’’

‘‘मग त्यांच्याकडून फ्लॅट घ्या!’’ मी म्हटलं.

रागावले. म्हणाले, इतकी कटकट कोणी करत नाही. करत नाहीत हे मलाही माहीत आहे, तोच तर संताप आहे! मित्राची शुगर वेगळी, यांचं हार्ट वेगळं. आणि हा त्रास कधी कधी पुढच्या हार्टच्या दुखण्याची आधीच आलेली सूचना असते. डॉक्टर ती बघतील. मित्र काय बघणार, कार्पेट एरिया?

*

मग एक नवरदेव आला. वय असेल पंचवीस, दंड माझ्या मांडीएवढे. सोबत तीन मित्र, सगळे खिदळतायत.

‘‘मॅडम, चार द्या. सगळ्यात हाय पॉवरवाली.’’

‘‘त्रास काय आहे?’’

‘‘त्रास काहीच नाय. परवा लग्न आहे ना. सेफ्टीसाठी.’’

‘‘सेफ्टीसाठी? ते काय हेल्मेट आहे?’’

मित्र हसले. हा मात्र गोरामोरा झाला. मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, बाळा, गाडी चालू असताना धक्का मारायचा नसतो. भीती वाटत असेल तर डॉक्टरशी बोल, नाहीतर होणाऱ्या बायकोशी बोल. आणि पॉवर वाढवली म्हणून जास्त चांगलं होतं असं नसतं. चार तासांहून जास्त वेळ ताठरपणा उतरला नाही तर धावत हॉस्पिटल गाठावं लागतं, वरातीच्या कपड्यांत.

तो हळूच म्हणाला, ‘‘मॅडम, खरं सांगू? मी यांना नाहीच म्हणत होतो. हेच घेऊन आले.’’

तिघंही एकदम बामच्या बाटल्या बघायला लागले.

*

हा किस्सा माझा नाही, प्रशांतचा आहे. प्रशांत कांबळे माझा फार्मसीचा वर्गमित्र. त्याचं दुकान डोंबिवलीत, एमआयडीसीच्या बाजूला. कॉलेजात त्याने चारही वर्षं माझी जर्नल्स उतरवून काढलेली आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याच्याकडे एक काका आले. डोकं गरगरतंय, चेहरा लाल झालाय. प्रशांतने विचारलं, ‘‘काय घेतलंत?’’

‘‘काही नाही. रस्त्यावर तंबूत वैद्य बसतो, त्याची पुडी. शंभर टक्के जडीबुटी. मी तुमच्या त्या गोळीला हात लावत नाही. केमिकल असतं.’’

काकांची अख्खी नोकरी केमिकल कंपनीत झालेली!

प्रशांतने विचारलं, ‘‘समोरचं सगळं थोडं निळसर दिसतंय का?’’

‘‘हो! तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘काका, ‘त्या’ गोळीने असं दिसतं. कोणीतरी हीच गोळी कुटून त्या पुडीत घातली असणार. किती घातलीये ते त्या वैद्यालासुद्धा माहीत नसेल. आधी डॉक्टरकडे चला.’’

काका डॉक्टरकडे जायला उठले, दोन पावलं गेले आणि थांबले. त्यांचा चेहरा उजळला.

‘‘म्हणजे पुडीत माल असली आहे तर!’’

*

आता जे सांगते त्यावर मला आजही धड हसू येत नाही.

प्रशांत आणि मी एकदा फोनवर गप्पा मारत होतो. मी म्हटलं, माझ्याकडे ‘ती’ घ्यायला येणारे निम्मे लोक डोंबिवलीचे असतात रे. तो म्हणाला, ‘‘अगं, माझ्याकडचे सगळे ठाण्याचे!’’ म्हणजे इकडचे पुरुष तिकडे जातात, तिकडचे इकडे येतात, कारण गावात ओळखीचं कोणी बघायला नको. पोटभर हसलो आम्ही दोघं.

फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं. हार्टच्या गोळ्या प्रत्येक जण घराजवळच्या दुकानातून घेतो, राजरोस. आणि ‘ती’ घेतो दुसऱ्या गावातून. म्हणजे कुठल्याच केमिस्टला दोन्ही गोष्टी माहीत नाहीत! लाजेपायी लोकांनी काय व्यवस्था लावून ठेवलीये बघा.

महिन्याभरातच प्रशांतचा फोन आला.

‘‘मने, एक गृहस्थ आलेले. चिठ्ठी तीन वर्षं जुनी, घडीवर फाटलेली. मी विचारलं, जिभेखालची गोळी चालू आहे का? ठाम म्हणाले, नाही. मग पिशवीतून चष्मा काढायला गेले आणि एक कागदी पाकीट खाली पडलं. त्यावर लाल पेनने लिहिलेलं, ‘छातीत दुखलं तर जिभेखाली, बसून घ्या.’ अगं, तुझं अक्षर! चार वर्षं उतरवलंय, ओळखणार नाही का?’’

‘‘दिलीस गोळी?’’

‘‘वेडी आहेस का? पण रागावून गेलेत. दुसरीकडे घेतील.’’

कोण ते मला वर्णनावरून लगेच कळलं. सावंतकाका. खोपटच्या डेपोतून रिटायर झालेले, एसटीचे कंडक्टर. मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्याकडे येऊन हार्टच्या गोळ्या नेतात. मला ‘पोरी’ म्हणतात. आणि पोरीला कसं सांगायचं, म्हणून डोंबिवलीपर्यंत गेले!

पाच तारीख आली. काका आले नाहीत. सहा, सात, काका नाहीत.

मी सुनीलला पाठवलं. म्हटलं, तुम्ही पुरुष पुरुष आहात, ते बसतात त्या बागेत भेट आणि नीट समजावून सांग. तो दीड तासाने परत आला.

‘‘काय झालं?’’

‘‘छान गप्पा झाल्या. पूर्वी कणकवलीच्या गाडीला किती वेळ लागायचा माहितीये?’’

‘‘आणि गोळीचं?’’

‘‘विषयच निघाला नाही गं.’’

एक माणूस जिवाशी खेळतोय आणि यांचा विषयच निघत नाही! मी तिथल्या तिथे मोबाइल उचलला आणि काकांना फोन लावला. दुकानात कोण आहे, कोण नाही, बघितलं नाही. म्हटलं, ‘‘काका, मी मनीषा बोलतेय मेडिकलमधून. नुसतं ऐका. तुमची ती जिभेखालची गोळी आणि ती दुसरी, दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत. जीव जाईल. लाजू नका, तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारा. त्यांच्याकडे दुसरा काहीतरी मार्ग असेल.’’



पलीकडून काकांचा बारीक आवाज आला. ‘‘राँग नंबर आहे, मॅडम.’’

*

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात ही गर्दी. सहा-सात पुरुष, त्यांतला एक पंधरा मिनिटांपासून बामची बाटली हातात घेऊन उभा. एक वजनकाट्यावर. मी ओळखून होते. सुनील बिल करत होता.

रिक्षा थांबली आणि सावंतकाकू उतरल्या. सरळ काउंटरपाशी आल्या. पर्स उघडली आणि दोन स्ट्रिप्स शेजारी शेजारी ठेवल्या. एक मी दिलेली, हार्टची, जिभेखाली ठेवायची. दुसरी ‘ती’.

सुनील घाईघाईने म्हणाला, ‘‘काकू, आत येता का? आत बोलू.’’

‘‘आत कशाला? चोरी केलीये का मी?’’ काकूंनी मला विचारलं, ‘‘ही त्यांची नेहमीची. आणि ही आज मोज्यांच्या खणात सापडली. पोरी, दोन्ही एकदम चालतात का?’’

मी विचारलं, ‘‘काकू, तुम्हाला संशय कसा आला?’’

‘‘परवा फोन आला, राँग नंबर म्हणून ठेवला आणि घाम पुसत बसले. बेचाळीस वर्षं ओळखते मी त्यांना. राँग नंबरला कधी कोणाला मॅडम म्हणाले नाहीत.’’

मग मी सांगितलं. हळू आवाजात नाही, माझ्या नेहमीच्या आवाजात. दोन्ही चालत नाहीत. एक पोटात असताना दुसरी गेली तर बीपी इतकं खाली येतं की माणूस उठतच नाही. आणि ‘ती’ घेतलेली असताना छातीत दुखलं, तर जिभेखाली काही ठेवायचं नाही. थेट हॉस्पिटल, आणि तिथे पहिलं वाक्य हेच, की ही गोळी घेतलीये, कधी घेतलीये.

काकूंनी हार्टच्या स्ट्रिपवर बोट ठेवलं.

‘‘छातीत दुखलं की ही मी ठेवते त्यांच्या जिभेखाली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी. माझ्या हाताने.’’

वजनकाट्यावरचा माणूस काट्यावरच उभा होता.

काकूंनी डोळे पुसले, वळल्या आणि रस्त्याकडे बघून हाक मारली. ‘‘अहो! उतरा त्या रिक्षातून!’’

काका आले. सदऱ्याचं बटण चाचपत, खाली मान घालून. माझ्याकडे बघेनात.

काकू म्हणाल्या, ‘‘घेतलीत का यातली?’’

‘‘नाही. हिंमतच झाली नाही.’’

‘‘देवाची कृपा! अहो, मी कधी काही मागितलं होतं का तुमच्याकडे? मला तुम्ही पाहिजे आहात. नुसते समोर बसून चहा प्यायलात तरी चालेल.’’

काका म्हणाले, ‘‘उद्या डॉक्टरकडे जातो.’’

‘‘जातो नाही. जाऊ. आणि तिथे मी बोलेन, तुम्ही राँग नंबर म्हणाल.’’

मी ‘ती’ स्ट्रिप उचलून खणात टाकली. काकूंनी हार्टची पर्समध्ये ठेवली, काकांचा दंड धरला आणि दोघं रिक्षाकडे गेली.

मी गिऱ्हाइकांकडे वळले. म्हटलं, ‘‘बोला, पुढे कोण?’’

बामवाल्याने सुनीलकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. हातातली बाटली त्याने काउंटरवर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली.

‘‘मॅडम, हा बाम राहू दे. ती जिभेखालची म्हणालात ना, ती माझी पण चालू आहे.’’

वजनकाट्यावरचा खाली उतरला.

‘‘ओ भाऊ,’’ तो म्हणाला, ‘‘लाइनीत मी आधी आहे.’’