शेणावरचा चहा

ये, अशी जवळ बस. उंबऱ्यातूनच बोलून निघायची ही कसली गं सवय? आज शेगडी पेटवताना गोबरगॅसचा तो आंबूस वास आला आन् माझं डोकं पुन्हा तापलं. माझी लेक शेणाच्या गॅसपासून वीज करायचं रसायनशास्त्र शिकायला जर्मनीला निघाली, त्या सकाळची गोष्ट. घनसावंगीहून थोरले दीर जीप करून आले. म्हणाले, "पोरीच्या हातावर दही घालायला आलो." मी हरखले, तर मागून उतरले सफारी सूट घातलेले एक पाव्हणे, त्यांची बायको आन् लग्नाचा मुलगा! दीर हळूच म्हणाले, "आधी पसंती होऊ दे, मंग जायचं बघू." निरोपाच्या नावाखाली पोरगी दाखवायची, काय हे! लेक भरलेल्या बॅगेजवळ उभी. पाव्हणे बैठकीतून हसले, "शेणाचं शिकायला परदेशात कशाला? आमच्या गोठ्यात ढीग पडलाय, रोज शिकंल की!" दीरही हसले. चहाला उकळी फुटत आल्ती. मी शेगडीची चावी बंद केली आन् बैठकीच्या दारात जाऊन म्हटलं, "चहा शेणाच्या गॅसवरचा आहे, पाव्हणे. तुम्हाला बिलकुल चालायचा न्हाई." आमच्याकडं बिनचहाचं पाठवलं म्हणजे स्थळ नाकारलं, ते समजले, उठले. दीर वर्षभर बोलले नाहीत. नका बोलू! दही मीच घातलं आन् लेक गेली. इतकी वर्षं झाली, ते हसणं आठवलं की अजून अंगाची लाही होते. दिवाळीला लेक येतीय, तू पण जल्दी ये. चहा याच शेगडीवर टाकते.